अण्णांच्या गाडीतला टेप

अण्णांच्या गाडीत मी नवा टेप आणि स्पीकर बसवून दिले ते प्रेमानं नव्हे, खुन्नस म्हणून. हे आधीच सांगून टाकते. कारण गल्लीत आणि पैपाहुण्यांत अजून ‘लेकीनं बापाची हौस पुरवली’ असं म्हणतात, आणि ते ऐकलं की मला तोंड लपवावंसं वाटतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. मोटारीचे मिस्त्री. घरासमोर पत्र्याचं शेड, तेच त्यांचं गॅरेज. त्यांचं नाव होतं ते कानासाठी. बॉनेट उघडायची गरज नसायची; गाडी गल्लीत शिरताना ऐकूनच ते सांगायचे, टॅपेट वाजतोय, नाहीतर बेअरिंग गेलंय. चंदगडच्या पावसात कुजलेल्या जीपा घेऊन लोक इतक्या लांब कोल्हापूरला यायचे ते त्या कानापायी. खात्री करायची असली की ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. पुढं कधीतरी ते मूठ कानाला लावायची सोडून दातांत धरायला लागले. डोळे मिटून, स्क्रू ड्रायव्हर दातांत आवळून उभे राहायचे आणि मग रोग सांगायचे. तो बरोबर निघायचा. ‘मिस्त्री आता दातानं ऐकतोय’ असं गिऱ्हाइकं कौतुकानं सांगत सुटायची. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. घन पदार्थातून ध्वनी चांगला जातो हे शिकवताना मी दरवर्षी वडिलांचं उदाहरण द्यायचे, आणि पोरं खूश व्हायची.

गाडी म्हणजे त्यांची स्वतःची जुनी अँबॅसिडर, दुधाच्या सायीच्या रंगाची. एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेली. तिचा एकेक भाग जमवत अण्णा तीन वर्षं तिच्या मागं होते. माझी पाठवणी त्याच गाडीतून झाली. डॅशबोर्डमध्ये कॅसेटचा टेप होता. पौर्णिमेला आई आणि अण्णा नृसिंहवाडीला जायचे तेव्हा तो वाजत असायचा, आणि येताना आईच्या मांडीवर कवठाच्या बर्फीचा पुडा असायचा. ते दिवस मला नीट आठवतात, कारण मागच्या सीटवर मी असायची.

नंतर नंतर टेप फक्त दुपारी लागायचा. म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. जेवण झालं की अण्णा शेडच्या मागच्या अंगाला उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसायचे. दोन ते चार. काचा वर, मान मागं टाकलेली. आत काय वाजतंय ते बाहेर कळायचा प्रश्नच नव्हता, शेजारी पिठाची गिरणी आहे आणि ती दुपारभर चालू असते. कुणी गिऱ्हाईक आलंच तर आई म्हणायची, “बसा पावणं. जरा गाणी ऐकत्यात, बोलावते.” मग ती स्वतः जाऊन गाडीचं दार उघडायची आणि त्यांच्या दंडाला हात लावायची. नुसती हाक मारून बोलावलेलं मी कधी बघितलं नाही. बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, हा भाग वेगळा.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी आई गेली. मागच्या मोरीत भांडी घासायला बसली आणि तिथंच कोसळली. हृदयाचा झटका. अण्णा चार वाजता गाडीतून उतरून चहा सांगायला मागं गेले तेव्हा त्यांना ती दिसली. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. डॉक्टर असं का बोलतात कोण जाणे. ते वाक्य बोलून ते पुढच्या पेशंटकडं गेले आणि आम्ही ते घरी घेऊन आलो.

मी धावतपळत पोचले तेव्हा अण्णा दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. हाताला ग्रीस तसंच.

“कुठं होता तुम्ही?” मी विचारलं.

ते माझ्या तोंडाकडं नुसते बघत राहिले. मी परत ओरडून विचारलं.

“गाडीत,” ते म्हणाले. “टेप लावलता. ऐकू आलं न्हाय.”

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, तिथंच उभी होती. तिनं कपाळ बडवून घेतलं. “माझी भन हाका मारून मारून मेली आनि ह्यो बाबा गाणी ऐकत बसला!” दहाव्याला तेच, तेराव्याला तेच. येईल त्या माणसाला तिनं हे सांगितलं, आणि सांगताना तिच्या तोंडून ‘भावजी’ हा शब्द परत कधी आला नाही. ती त्यांना टेपवाला म्हणायला लागली. मी तिला एकदाही अडवलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

आता माझं सांगते. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

त्या दुपारी अडीचच्या सुमारास आईचा फोन मला आला होता. मला तास नव्हता. स्टाफरूममध्ये डबा उघडा होता आणि सुट्टीत कुठं जायचं यावर आम्ही तिघीचौघी बोलत होतो. आई दिवसातून चार वेळा फोन करायची. शेवग्याच्या शेंगा आल्यात, घेऊन जा. नळाला पाणी आलं नाही. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे. मी फोन कट केला. लगेच परत वाजला, परत कट केला, आणि मैत्रिणींना म्हणाले, “आमच्या आईला काही उद्योग नाही.” सगळ्या हसल्या. मीही हसले. तिसऱ्यांदा फोन आला नाही.

दवाखान्यातून घरी आल्याबरोबर मी त्या दोन्ही फोनांच्या नोंदी माझ्या मोबाईलमधून काढून टाकल्या. तेराव्यानंतर आईचा फोन सापडला तेव्हा दार लावून घेऊन तोही बघितला. बटणांचा साधा फोन होता. केलेल्या फोनांच्या यादीत त्या दुपारचं काहीच नव्हतं. का नव्हतं, याचा मी विचार केला नाही. सुटले, एवढंच वाटलं. ती यादी मी पुन्हा पुन्हा बघितली आणि फोन कपाटात आईच्या साड्यांखाली ठेवून दिला.

त्यानंतर अण्णांशी बोलणं मी जवळजवळ टाकलं. माझं घर कळंब्याला. रोज सकाळी कॉलेजला जाता जाता त्यांचा डबा पोचवायचे, ओट्यावर आपटायचे आणि निघायचे. ‘अण्णा’ अशी हाक मारायचंही सोडलं. राग कुणावर तरी काढायचा होता आणि ते समोर होते. दोन महिन्यांत त्यांनी गॅरेज बंद केलं. आलेल्या गिऱ्हाइकाला हातानंच नाही म्हणायचे. लोक म्हणाले, मनाला लागलंय म्हाताऱ्याच्या. मला मात्र एकच गोष्ट डोळ्यात खुपायची. बायको मेली, धंदा गेला, तरी दुपारी दोनला हा माणूस त्याच गाडीत जाऊन बसायचा, काचा वर करून.

आईचं वर्ष झाल्यावर त्यांची पंचाहत्तरी आली. नवरा म्हणाला, घरच्या घरी का होईना, करू या. कणकेचे पंचाहत्तर दिवे केले, ताटात लावले, ओवाळलं. मावशी तोंडदेखली आली आणि भिंतीला टेकून बसली. मग कुणीतरी विचारलं, लेक काय देणार? माझ्या जिभेवर तेच होतं.

“गाडीत नवा टेप बसवून देणार आहे मी यांना,” मी म्हणाले. “मोठे स्पीकर पण. बसू देत ऐकत मनसोक्त. आता हाक मारून त्रास द्यायला कोण उरलंय?”

मावशीनं माझ्याकडं बघून मान डोलावली. अण्णा पाटावर बसले होते, दिव्यांचा उजेड तोंडावर. त्यांनी हसून सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, “व्हय की.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं बोलूनही हा माणूस हसतो! नवऱ्यानं विषय सावरायला म्हणून त्यांच्या समोर बसून, गाडीकडं हात करून, मोठ्यानं सांगितलं, “अण्णा, नवा टेप. गाडीत. बसवायचा.” तेव्हा कुठं त्यांचं हसू गेलं. “नगं,” ते म्हणाले. “नगं, कशाला? जुना झकास चाललाय.” ते इतके घाबरल्यासारखे का बोलले ते मला कळलं नाही, पण त्यांना नको आहे एवढं कळलं. मग तर मी बसवणारच होते.

पुढच्याच रविवारी मी चाचांना बोलावलं. चाचा म्हणजे आमचे वायरमन. गाड्यांचं वायरिंग हे त्यांच्या वडिलांपासूनचं काम. अण्णांच्या गॅरेजात आलेल्या प्रत्येक गाडीची वायर त्यांच्या हाताखालून गेलेली. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून त्यांना चाचाच म्हणते. येताना त्यांनी टेप आणि स्पीकरचे खोके, प्लायवूडचा तुकडा आणि रेक्झिन आणलं. अण्णा गाडीपाशी उभे होते, बॉनेटवर हात ठेवून. घरातल्या माणसाला ऑपरेशनला आत नेताना आपण उभे राहतो तसे.

“डॅशबोर्ड कापायचा न्हाय,” ते म्हणाले. “दाराला भोक पाडायचं न्हाय.”

चाचांनी दोन्ही हातांनी खूण करून दाखवलं, टेप डॅशबोर्डच्या खाली पट्टीवर लावतो, आणि स्पीकर मागच्या काचेखाली, प्लायच्या फळीवर. गाडीच्या मूळ पत्र्याला धक्का लागणार नाही. अण्णांनी मान हलवली आणि प्लायचा तुकडा घेऊन मागच्या सीटवर माप घ्यायला गेले. चाचा त्यांच्याशी तोंडानं कमी आणि हातानं जास्त बोलतात, हे मी त्या दिवशी बघितलं. दोन जुने कारागीर असेच बोलत असतील असं वाटलं.

चाचांनी जुना टेप स्क्रू काढून बाहेर ओढला. कॅसेट घालायच्या फटीतून माती सांडली. आत कुंभारमाशीनं घर केलेलं, एकावर एक थर दिलेले. मागच्या वायरी तुटलेल्या होत्या. तुटलेल्या म्हणजे कापलेल्या, आणि टोकांना काळी टेप गुंडाळलेली. ती चिकटपट्टी जुनी होऊन कडक झाली होती.

“चाचा, हे कधी तुटलं?”

“तुटलं न्हाय ताई, मीच तोडलंय. वायपरची लाईन जळलेली. मिस्त्री म्हनाले, टेपची काढ आनि तिकडं दे, मला टेप लागत न्हाय.” त्यांनी आठवायला डोळे बारीक केले. “लई वर्सं झाली. तुमच्या धाकट्याचं जावळ काढलं त्या साली.”

माझा धाकटा तेव्हा पाचवी संपवून सहावीत गेला होता. म्हणजे आई गेली त्या दिवशी हा टेप बंद पडून आठ-नऊ वर्षं झालेली होती. मी अण्णांकडं बघितलं. ते चार हात अंतरावर, मागच्या सीटवर प्लाय धरून वाकले होते. आमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचायला हवं होतं, पण त्यांनी वर बघितलं नाही.

मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. वाटलं, झोपला होता. सरळ झोपला होता, आणि लाज वाटली म्हणून टेपचं खोटं सांगितलं. राग दुप्पट झाला. काम होऊ दे, मग बघते, असं म्हणून मी शेडच्या खांबाला टेकून उभी राहिले.

काम संपायला दोन तास लागले. रेक्झिन फक्त लावायचं राहिलं होतं. अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसले आणि फडक्यानं मीटरची काच पुसायला लागले. चाचा म्हणाले, “ताई, तुमचा फोन जोडून बघा.” मी बाजूच्या सीटवर वाकून फोन जोडला आणि हाताला लागलं ते गाणं लावलं. टेपचा आवाज फुल्ल होता हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

असा दणका बसला की मी मागं उडाले. पत्र्यावरची कबुतरं उठली. चाचांनी कान झाकले. गिरणीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला. आणि अण्णा मीटरची काच पुसत होते. फडकं गोल फिरत होतं, त्याचा वेग जरासुद्धा बदलला नाही. मग त्यांना समोर गिरणीवाला दिसला, चाचांचं तोंड दिसलं. त्यांनी झटकन डॅशबोर्डवर तळवा ठेवला, क्षणभर थांबले आणि हसले.

“झकास!” ते ओरडले. “लई भारी हाय की आवाज!” आणि स्टीअरिंगवर बोटांनी ताल धरला.

मी फोनवर गाणं बंद केलं.

अण्णा ताल देतच राहिले. मान हलवत, समोर बघत. शेडमध्ये गिरणीच्या घरघरीशिवाय काहीच आवाज नव्हता आणि माझा बाप नसलेल्या गाण्याला ताल देत होता. चाचांनी मान खाली घातली.

मी गाडीच्या मागं गेले. “अण्णा,” मी हाक मारली. वर्षभरानं तो शब्द तोंडातून आला. ताल चालू. मी आणखी मोठ्यानं हाक मारली. मग जीव खाऊन ओरडले, “अण्णा, गाडीला आग लागली!” गिरणीवाला दचकून पुढं आला. स्टीअरिंगवरची बोटं तशीच चालली होती.

मी पुढून खिडकीशी जाऊन उभी राहिले. माझं तोंड बघितल्यावर त्यांची बोटं थांबली.

“ताई,” चाचा हळू म्हणाले, “मला वाटलं घरात म्हाईत आसंल.”

घरात माहीत नव्हतं. हे कुणाला खरं वाटणार नाही, पण आमच्या कोल्हापुरात बहिरा माणूस वर्षानुवर्षं लपू शकतो. इथं कुणी हळू बोलतच नाही. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, अंगावर येऊन सांगतात, आणि समोरच्यानं अधूनमधून ‘व्हय की’ म्हटलं की बोलणाऱ्याचं समाधान होतं. अण्णा फोन घेत नसत, आईकडं द्यायचे. आम्ही म्हणायचो, बाप्याला फोनचा कंटाळा. टीव्हीवर कुस्ती लागली की आवाज बंद ठेवून बघायचे. आम्ही म्हणायचो, शौकीन माणसाला कॉमेंट्री कशाला लागते. आणि मी, फिजिक्सची बाई, दात आणि जबड्याच्या हाडातून आवाज आत जातो हे फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. ज्याचा कान गेलाय तो माणूस तसं ऐकतो, हे वाक्य पुस्तकात होतं. तेही मी वाचून दाखवायचे.

चाचा “चहा पिऊन येतो” म्हणून निघून गेले. मी त्यांचा मार्कर उचलला, स्पीकरचा रिकामा खोका गुडघ्यावर घेतला आणि अण्णांच्या शेजारच्या सीटवर बसले. ती आईची जागा. पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘कधीपासून?’

अण्णांनी वाचलं.

“टेप तोडला त्याच्या आदीपास्नं,” ते म्हणाले. “डावा पयला गेला. मग उजवा.” नेहमीसारखं मोठ्यानंच बोलत होते, आणि ते मोठ्यानं का बोलतात हे मला आता कळत होतं. “मिस्त्रीला ऐकू येत न्हाय म्हनल्यावर कोन गाडी आननार? कानाला मशीन लावलं की गावाला दिसतंय. तुझ्या आईला ठावं हुतं. तिनंच सांभाळलं. गिऱ्हाईक काय म्हनतंय ते माझ्या म्होरं उभी ऱ्हाऊन परत बोलायची, मी तिच्या तोंडाकडं बघायचो.”

‘मग इथं काय करत बसायचा?’

“काय न्हाय. काच वर केली की कोन बोलाय येत न्हाय. दिवसभर ढोंग करून माणूस दमतंय की.”

गॅरेज का बंद झालं तेही मला तेव्हाच कळलं. मनाला लागलं वगैरे काही नव्हतं. आई गेली आणि तिच्याबरोबर त्यांचे कान गेले. मग लगेच दुसरी गोष्ट कळली.

आईला माहीत होतं.

मोरीत पडल्यावर तिनं हाक मारलीच नसणार. मावशी रडून रडून सांगते तसल्या हाका कधी झाल्याच नाहीत. हाक मारून उपयोग नाही हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? गिरणी चालू, शेजारी ऐकणार नाहीत. नवऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून तिनं कमरेचा फोन काढला आणि जिला ऐकू येतं तिला लावला. दोनदा लावला.

मी लिहायला लागले. ‘तिनं मला फोन केला होता. दोनदा. मी कट केला.’ पुठ्ठा त्यांच्यापुढं धरला आणि मान वर करायची हिंमत झाली नाही.

त्यांनी माझ्या हातातून मार्कर काढून घेतला. मला वाटलं, काहीतरी लिहिणार. पण ते माझी ओळ खोडायला लागले. एक रेघ मारून नव्हे. एकेक अक्षर गिरवून, पार काळं करून, काही वाचता येणार नाही असं. मग टोपण लावून मार्कर डॅशबोर्डवर ठेवला.

“म्हाईत हाय,” ते म्हणाले. “फोन तिच्या हातातच हुता. त्यातनं तुझं नाव मीच पुसलं.”

मी त्यांच्याकडं बघितलं. मला ‘का’ म्हणायचं होतं. आवाज फुटला नाही, पण त्यांना ओठ पुरेसे होते.

“दवाखान्यात मावशी येनार, फोन बघनार. तुला फाडून खाल्लं आसतं सगळ्यांनी. घरात एकानं शिव्या खाल्ल्या म्हंजे बास. माझं काय ऱ्हायलंय? तुला लई वर्सं काढायची हायत.” ते स्टीअरिंगवरचा हात बघत होते. “आनि शिव्या मला ऐकू बी येत न्हाईत.”

मी वर्षभर त्या माणसाच्या ओट्यावर डबा आपटला होता.

मी मोरीत गेले आणि आई पडली होती तिथं, ओल्या फरशीवर बसून रडले. बाहेर चाचा परत आल्याचं कळलं, रेक्झिनला खिळे ठोकायचा आवाज येत राहिला. निघताना अण्णांनी मला दारात थांबवलं. “कुनाला सांगू नगंस,” ते म्हणाले. “कान बी न्हाय आनि फोन बी न्हाय.” मी मान हलवली. फार लवकर हलवली. कानाचं त्यांच्या अब्रूसाठी, असं मी स्वतःला समजावलं. फोनचं माझ्या सोयीचं होतं.

आता ते दुपारी स्वतः टेप लावतात. बटण कुठं आहे ते चाचांनी दाखवून ठेवलंय. काचा खाली करून लावतात, बाहेर आवाज गेला पाहिजे म्हणून. गल्लीतल्या लोकांना आवाज आला की कुणाला शंका येत नाही. गिरणीवाल्यानं एकदा माझ्याकडं तक्रार केली, म्हाताऱ्याला जरा सांगा, शौक लईच वाढलाय. त्याला माझी त्या दिवशीची आगीची बोंब आठवत असणार, पण तो काही बोलला नाही आणि मीही नाही. रविवारी मी जाऊन आईच्या जागी बसते. तेवढा वेळ ते टेप बंद ठेवू देतात. आम्ही बोलत नाही. पुठ्ठा आणायची गरज पडेल असं काही उरलेलंही नाही.

गेल्या महिन्यात आईचं दुसरं वर्षश्राद्ध झालं. अण्णांनी सगळं केलं. पान बाहेर ठेवलं, कावळ्यानं शिवलं, मग पंगत बसली. मी खीर वाढत होते. मावशी अण्णांच्या समोरच्या पानावर होती. शेजारच्या पाहुणीला ती तीच गोष्ट सांगत होती, माझी भन हाका मारून मारून मेली. पाहुणी च्‌ च्‌ करत होती. सांगता सांगता मावशीला चेव आला आणि ती थेट अण्णांकडं वळली.

“जेव, जेव पोटभर,” ती म्हणाली. “बायकोला मारलंस, आता नव्या टेपावर गाणी ऐक. लाज वाटत न्हाय?”

पंगत थांबली. अण्णांना तिचे ओठ हललेले दिसले. त्यांना किती कळलं, मला माहीत नाही. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी भांडं कमरेवर घेऊन उभी होते. दोनच वाक्यं बोलायची होती. सगळे गप्प होते, कुणालाही नीट ऐकू गेलं असतं.

“व्हय की,” अण्णा हसून म्हणाले.

मी वाकले आणि त्यांच्या वाटीत आणखी खीर वाढली.